पेरूत राहिलेला दात

आमच्या लॅबमध्ये एक रीत होती. दात निघाला म्हणून कवळी परत आली, की तो दात ज्याच्या हातचा असेल त्याच्या टेबलाच्या पुढच्या कडेला मेणाने चिकटवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. चिकटवायचे सासरे, आणि काढायचा कधी हेही तेच ठरवायचे. तोवर त्या माणसाने त्या दाताच्या मागे मान खाली घालून काम करायचं. 'अमक्याच्या टेबलाला दात आलाय' असं आम्ही म्हणायचो. बाकीचे त्याला हसायचे, आणि हसता हसता आपापली कामं पुन्हा तपासायचे. सासरे कधी ओरडले नाहीत. शनिवार पेठेत ओरडणं गावठीपणाचं मानतात. तिथे माणसाला खुर्चीवर बसवून, 'आपण' म्हणून, सावकाश सोलतात.

लॅब दातांची. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे घेऊन आमच्याकडे पाठवायचे आणि आमच्याकडून कवळ्या जायच्या. तळमजल्यावर लॅब, वर आमचं घर. मी लग्न होऊन आले तेव्हा खाली सासरे, माझा नवरा आणि दोन कामगार काम करायचे. सासूबाई आधीच गेल्या होत्या. सुटल्या, असं मी पुढे मनात म्हणायचे.

मी खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलेलो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी विचारलं, "तुमच्याकडे चहा बशीत ओतून पितात, की सरळ बादलीत?" मी हसले. नव्या सुनेने हसायचंच असतं. पुढे कळलं, की त्यांच्या विनोदावर हसलं तर ते आणखी एक मारतात, आणि नाही हसलं तर म्हणतात, "राहू द्या, खडकीपर्यंत पोचायला वेळ लागेल."

एक कामगार दुबईला निघून गेला आणि त्याची जागा भरायला माणूस मिळेना, तेव्हा मी चहा घेऊन खाली गेले ती तिथेच बसले. बसवलं कोणी नाही. काम तुंबलं होतं म्हणून उठवलंही नाही. खिडकीजवळचं टेबल होतं, बाहेर रस्ता दिसायचा, आणि दुपारभर माझ्याशी कोणी बोलत नसे. त्या घरात स्वयंपाकघरसुद्धा माझं नव्हतं, तिथे मिठाचा डबा कुठे ठेवायचा हे सासरे सांगायचे. टेबल मात्र माझं होतं. पुढे त्याच्यासाठी मी जेवढी भांडले तेवढी कुणासाठी भांडले नाही, नवऱ्यासाठी तर नाहीच.

दात बसवणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेणाच्या हिरड्यांवर दात मांडतात. ते सगळं पितळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडतात. डबा उकळत्या पाण्यात धरला, की मेण वितळून जातं आणि प्लास्टरमध्ये दात उलटे रुतून राहतात, बूड वर करून. मग मेणाच्या जागी ॲक्रिलिकचा गुलाबी गोळा दाबून भरायचा आणि शिजवायचा. तो प्लास्टरला चिकटू नये म्हणून साच्याला आधी ब्रशने पातळ सील लावतात. सगळी मेख इथे आहे. सील प्लास्टरला लागलंच पाहिजे आणि दाताच्या बुडाला लागता कामा नये. बुडावर सीलचा किंवा मेणाचा नुसता ओशटपणा राहिला, तरी दात हिरडीत बसतो पण धरत नाही. वरून काही दिसत नाही. कवळी पॉलिश होऊन जाते, पेशंट आरशात बघून खूश होतो, आणि मग एके दिवशी भाकरीच्या कडेवर दात हातात येतो.

नव्वदीनंतर बाजार उघडला आणि परदेशी दात येऊ लागले. ज्यांची मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेली, त्या आईबापांना तेच दात हवे असायचे. दिसायला फार देखणे, झिजायचे नाहीत, पण चिकटायलाही तयार नसायचे. देशी दात गरीब घरच्या सुनेसारखा, जिथे ठेवाल तिथे धरून राहायचा. परदेशी दाताचं बूड बारीक ड्रिलने खरवडावं लागे, त्यात छोटा खळगा पाडावा लागे आणि ॲक्रिलिक भरण्याआधी तिथे त्याचाच द्रव लावून ओलं करावं लागे. मी हे सगळं करायचे. माझा ब्रश बारीक होता, प्रत्येक दाताच्या भोवतीने फिरायचा. माझ्या नवऱ्याचा ब्रश रुंद. तो एका फटक्यात सगळ्या साच्यावरून सील फिरवायचा, दातांसकट, आणि मग कापसाने पुसल्यासारखं करायचा. त्याचं मन दातात नव्हतंच. त्याला लॅबला एसी लावायचा होता, कॉम्प्युटर घ्यायचा होता, औंधच्या नव्या डॉक्टरांना इंग्रजीतून फोन करायचे होते. त्याच्या टेबलाला दात कधी आला नाही. त्याच्या हातचे दात निघायचे, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलाला लागायचे.

हे लपण्यासारखं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. निघालेला दात उलटा करून बघितला की सगळं कळतं. बुडाला गुलाबी कण चिकटलेले असले तर दाताने धरलं होतं, हिरडीच तुटली. बूड पांढरंशुभ्र, गुळगुळीत असलं तर दात कधी धरलाच नव्हता, आणि सील कुणी फासलं हेही कळतं. सासऱ्यांना तर दात हातात घेतल्या घेतल्या कळायचं. तो माणूस कवळी बघून पेशंट कुठल्या बाजूने चावतो ते सांगायचा. त्यांच्याविषयी एकेरीत लिहिलं गेलं, तर राहू दे. मनात ते कायम एकेरीतच होते.

रीतीला आणखी एक कलम होतं. डॉक्टरच्या देखत दात निघाला, तर नुसता दात चिकटवून भागत नसे. तो माणूस टेबलावरून उठायचा, कायमचा. एक म्हातारे कामगार असे उठलेले मी बघितले होते. आपला डबा घेऊन, कुणाकडे न बघता, चपला हातात घेऊनच ते बाहेर पडले. सासऱ्यांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि "प्रकृतीला जपा" असं म्हणाले.

मग सासऱ्यांचे स्वतःचे दात गेले. आयुष्यभर लोकांच्या तोंडात दात घालणारा माणूस पोळी दुधात कुस्करून खायला लागला. मला दया आली असं लिहायला हवं, पण नाही आली. त्यांना परदेशी दातांची कवळी करायची ठरली, येणाऱ्या डॉक्टरांना नमुना म्हणून दाखवता येईल अशी. नवऱ्याने दात मांडले. पुढचं काम माझं होतं. पण त्याच दिवशी खडकीला माझ्या वडिलांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. मी निघाले तेव्हा सासरे दारातच पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "दारूगोळ्याच्या कारखान्यातून माणूस दोन्ही हात घेऊन बाहेर पडतोय, म्हणजे सत्कार व्हायलाच हवा." मी म्हणाले, "साच्याला हात लावू नका, मी उद्या येऊन भरते." ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी आले तर कवळी तयार, पॉलिश होऊन त्यांच्या तोंडात. नवऱ्याला घाई होती. त्याला संध्याकाळी कॉम्प्युटर बघायला जायचं होतं, म्हणून त्याने काम उरकून टाकलं होतं. मी विचारलं, "बुडं खरवडलीत?" तो म्हणाला, "अगं, सगळं केलंय." त्याच्या टेबलावरच्या ड्रिलवर दाताचा पांढरा कणसुद्धा नव्हता.

आठवडाभर कवळी राहिली. मग डेक्कनवरचे मोठे डॉक्टर आले. आमचं बरंचसं काम त्यांच्याकडून यायचं, म्हणून ते आले की सासरे स्वतः खुर्ची पुसायचे. त्यांना नवे दात दाखवायचे होते. नुसते दाखवून कसं चालेल, म्हणून सासऱ्यांनी एक पेरू मागवला. चांगला घट्ट, अर्धकच्चा. "डॉक्टरसाहेब, बघा," असं म्हणून त्यांनी पेरूला कचकन चावा घेतला. पेरू तोंडापासून दूर झाला तेव्हा वरचा पुढचा दात त्यात उभा होता.

सासऱ्यांनी दात पेरूतून उपसला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या टेबलापासून मला तो स्पष्ट दिसत होता. बूड पांढरंशुभ्र, काचेसारखं गुळगुळीत, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी मान वळवून मुलाकडे बघितलं. माझा नवरा पॉलिशच्या मोटरकडे बघत होता, जणू ती पहिल्यांदाच बघतोय. मग सासऱ्यांनी मेणाची सुरी दिव्यावर धरली, माझ्याजवळ आले आणि दात माझ्या टेबलाच्या कडेला चिकटवला.

"बाबा, मी त्या दिवशी खडकीला होते," मी म्हणाले.

"मी काही विचारलं का आपल्याला, सूनबाई?"

पुढच्या दाताच्या फटीतून त्यांचं 'स' शिटीसारखं वाजलं. डॉक्टरांना हसू आलं, त्यांनी रुमाल तोंडाशी नेला. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मोटर सुरू केली. खरंच सुरू केली. तिच्या आवाजात बोलायचा प्रश्नच उरला नाही.

डॉक्टर गेल्यावर सासरे माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते, उलट समजावणीच्या सुरात बोलले. "मुलाला उठवलं तर त्याच्याबरोबर डॉक्टर उठतात. उद्या लॅब त्यालाच चालवायची आहे. सुनेला उठवलं तर फक्त सून उठते. कळतंय ना? आपण हुशार आहात." मग माझ्या टेबलावरचे माझे ब्रश गोळा करून त्यांनी माझ्या हातात दिले, वर घेऊन जायला. बारीक ब्रश. ते स्वयंपाकघरात कशाला वापरायचे हे त्यांनी सांगितलं नाही.

वर आल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे ना आता. तुला तरी आराम मिळेल." मी त्याला पोळीचं लाटणं फेकून मारलं. लागलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सोडून का नाही गेलीस, असं मला मैत्रिणी विचारतात. का जाऊ? टेबल गेलं होतं, घर अजून होतं, आणि ते त्या दोघांना मोकळं सोडायची माझी इच्छा नव्हती. ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी लोणी काळभोरच्या बाजूला एका नव्या कॉलेजात दातांच्या लॅबमध्ये जागा असल्याचं सांगितलं. तिथे मुलं शिकायची आणि गोरगरिबांना स्वस्तात कवळ्या करून द्यायची. मी अर्ज केला. सासऱ्यांना कळल्यावर ते म्हणाले, "लोणीला? छान. उसाला दात लावत असतील." हडपसरला बस बदलून मी रोज जायला लागले. तिथे मला पुन्हा खिडकीजवळ टेबल मिळालं.

मधे काही वर्षं गेली. शहरात जिकडे तिकडे काचेच्या इमारती झाल्या, नवऱ्याच्या लॅबला एसी लागला, कॉम्प्युटर आला, पाटी इंग्रजीत झाली. फक्त सासऱ्यांचा पुढचा दात काही राहीना. नवऱ्याने तो पुन्हा बसवला, पुन्हा निघाला. मग शेजारचाही हलायला लागला. एकदा तर त्याने बाजारातल्या गोंदाने चिकटवला, तेव्हा सासऱ्यांची जीभ दोन दिवस बधिर होती. ते दोन दिवस घरात फार शांततेत गेले. हळूहळू हिरड्याही बसल्या आणि सगळी कवळीच तोंडात फिरू लागली. बोलताना ती खाली यायची. त्यामुळे ते बोलायचं टाळू लागले. त्यांना दुसऱ्या लॅबमध्ये जाता येत नव्हतं, कारण सगळे ओळखीचे, सगळे हसले असते. ओळखीच्या डॉक्टरकडेही तेच. आणि मला विचारायचं, तर टेबलाला लावलेल्या दाताचं काय करायचं?

मी वाट बघत होते. त्यांनी एकदा, मुलासमोर, म्हणावं, की तो दात तुझा नव्हता. बाकी मला काही नको होतं. तेवढं म्हटलं असतं तर त्याच दिवशी मी कवळी करायला घेतली असती.

एप्रिलमध्ये एके दिवशी कॉलेजात एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. "मॅम, एक पेशंट आहेत, खूप इरिटेट करतायत. म्हणतात, दात बसवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांनाच बोलवा."

मी बाहेर गेले. खुर्चीत माकडटोपी घालून, गळ्याला मफलर गुंडाळून माझे सासरे बसले होते. बाहेर लाही लाही होत होती.

"नमस्कार बाई," ते म्हणाले.

सकाळीच मी त्यांना चहा दिला होता.

"नमस्कार आजोबा," मी म्हणाले. "कुठून आलात?"

"पुण्यातून."

"घरी कोण कोण असतं?"

"मुलगा असतो."

"आणि सून?"

"आहे. नोकरी करते कुठेतरी."

विद्यार्थिनीने त्यांची टोपी काढायला मदत केली. "आजोबा, जरा ओपन करा ना," ती म्हणाली, आणि त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलं. त्या बोळक्या तोंडात मी बघितलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

मग सुरू झालं. एकाच घरातून आम्ही दोघं निघायचो. मी सकाळच्या बसने, ते पुढच्या. घरी ते सांगायचे, मित्राकडे जातोय. एकदा मला उशीर झाला आणि दोघंही एकाच स्टॉपवर आलो, तर ते चपलांच्या जाहिरातीच्या फलकामागे जाऊन उभे राहिले. धोतर खालून दिसत होतं. मी दिसू दिलं. संध्याकाळी परत आल्यावर मी त्यांना वाढायचे, ते खाली मान घालून जेवायचे, कॉलेजचा शब्द निघायचा नाही. त्या दिवसांत मी मुद्दाम भाकरी करायचे, चांगली खरपूस. नवरा म्हणायचा, "बाबांना चावत नाही." मी म्हणायचे, "मग दात करून द्या त्यांना." सासरे भाकरी आमटीत बुडवून मऊ होईपर्यंत बसून राहायचे.

कॉलेजात मी त्यांना हेलपाटे घालायला लावले. कधी ठसा नीट नाही आला म्हणून, कधी दाताचा रंग उपलब्ध नाही म्हणून, कधी नुसतं, "आजोबा, आज जमणार नाही, सोमवारी या." ते म्हणायचे, "जशी आपली सोय, बाई." त्यांच्या शेजारी बाकावर लोणीच्या एक आजी बसायच्या. त्यांची कवळी माझ्याच हातची. त्या माझ्या सासऱ्यांना सांगायच्या, "काय बी काळजी करू नका. या बाईच्या हातची कवळी हाय माझी. ऊस खाते मी, ऊस! तुमच्या पुण्यात हाय का कुणी असं करनारं?"

"नाही," सासरे म्हणायचे. मी पडद्यामागून ऐकायचे.

शेवटी कवळी भरायची वेळ आली. दात मी स्वतः निवडले होते, परदेशी. प्रत्येक दाताचं बूड खरवडलं, खळगा पाडला. मेण उकळून काढल्यावर स्वच्छ उकळतं पाणी पुन्हा ओतलं. बारीक ब्रशने दाताच्या भोवतीने सील लावलं, वाळू दिलं, भिंगातून बघितलं. मग बुडं ओली केली आणि गुलाबी गोळा भरला. एवढ्या निगुतीने मी प्रेमापोटी कधी काम केलं नाही. यातला एक जरी दात निघाला असता, तर म्हाताऱ्याचं जुनं खोटं खरं ठरलं असतं. तो मरेपर्यंत एकही निघता कामा नये, म्हणून मी जीव ओतला.

कवळी द्यायच्या दिवशी खुर्चीभोवती चार मुलं-मुली उभी होती. मी कवळी हातातच ठेवली.

"आजोबा, आधीच्या कवळीचा दात कशामुळे निघाला होता? मुलांना शिकायला बरं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दातांशिवाय त्यांचा चेहरा लहान दिसत होता.

"करणाऱ्याने बूड खरवडलं नव्हतं. वर सील फासलं होतं."

"कोणी केली होती?"

त्यांनी कवळीसाठी हात पुढे केला. मी ती दिली नाही. मग ते म्हणाले, "मुलाने."

"आणि नाव कुणाचं झालं?"

"दुसऱ्याचं." आणि लगेच पुढे म्हणाले, "बाई, दवाखान्यात सांगायच्या गोष्टी वेगळ्या, घरी सांगायच्या वेगळ्या."

इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी थांबले होते ते मिळालं होतं, आणि ऐकायला कोण, तर मोबाइलवर बोटं चालवणारी चार पोरं. त्यांना कशाचं काही नव्हतं. मी कवळी दिली. त्यांनी ती बसवली, दात दातांवर आपटून बघितले आणि म्हणाले, "आपला हात उत्तम आहे, बाई." ती विद्यार्थिनी म्हणाली, "सो स्वीट, आजोबा."

त्या बसप्रवासात मला वाटत राहिलं, की एकदा तोंडातून निघालं आहे, आता घरीही निघेल. मी मूर्ख होते.

रविवारी डेक्कनचे तेच डॉक्टर आमच्याकडे जेवायला आले. नवऱ्याने बोलावलं होतं, काहीतरी नव्या मशीनचं ठरत होतं. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कुरडया असा बेत मी केला होता. सासरे कुरडया कुरुमकुरुम खात होते, मुद्दाम मोठ्याने. डॉक्टरांच्या लक्षात आलंच.

"वा, नवे दात? कुणी केले?"

"बाहेर केले," सासरे म्हणाले. "एका बाईंनी. दात कसा धरावा हे त्यांच्याकडून शिकावं." मग पुरी तोडता तोडता माझ्याकडे न बघता ते मुलाला म्हणाले, "जेवण झालं की सूनबाईंना दाखव रे ही कवळी. म्हणजे यांच्याही लक्षात येईल, कुठे चुकत होतं ते."

नवरा हसला. डॉक्टरांनाही तो पेरू आठवला असावा, तेही हसले. माझ्या हातात गरम पुऱ्यांची परात होती. मला वाटलं ती सगळ्यांच्या अंगावर टाकावी. टाकली नाही. खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि सासऱ्यांसमोर तळवा धरला.

"जेवण होईपर्यंत कशाला थांबायचं, बाबा? आत्ताच दाखवा."

"जेवतोय ना."

"एवढं चांगलं काम आहे म्हणता. डॉक्टरही आलेत, त्यांनाही बघू द्या."

"हो हो, बघू तरी," डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा वर केला.

आता नाही म्हणायची सोय नव्हती. सासऱ्यांनी पाण्याचा घोट घेतला, चूळ भरली, मान खाली केली आणि वरची-खालची, दोन्ही कवळ्या काढून माझ्या तळव्यावर ठेवल्या. गरम होत्या. मी त्या नळाखाली धुतल्या आणि ट्यूबलाइटखाली उभी राहिले. डॉक्टरांना दाखवल्या, ते म्हणाले, "फर्स्ट क्लास." नवऱ्याला दाखवल्या. त्याने हातात घेऊन उलटसुलट केल्या, त्याला काहीही ओळखू आलं नाही. "इंपोर्टेड आहेत, म्हणून," तो म्हणाला, आणि मला परत देऊन पुरीकडे वळला.

सासऱ्यांनी माझ्यापुढे हात केला. गाल आत गेले होते, ओठांच्या कोपऱ्यात मसालेभाताचं शीत होतं.

"द्या," ते म्हणाले. ते 'ध्या' असं ऐकू आलं.

"थांबा ना, बाबा. बघतेय. शिकायचंय ना मला?"

मी एकेक दात उजेडात धरून बघायला लागले. प्रत्येक दाताच्या मुळाशी नखाने दाबून बघितलं. पुऱ्या फुगलेल्या होत्या त्या बसल्या. त्यांनी एक कुरडई उचलली, ओठांत धरली आणि तशीच परत ताटात ठेवली. "सूनबाई," ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू, विनवल्यासारखं. मी मान हलवली आणि पुढचा दात बघितला. डॉक्टरांना मी दुसऱ्यांदा भात वाढला, डाव्या हातात कवळ्या धरून. मठ्ठा झाला, विडे झाले, डॉक्टर हात धुऊन जिन्यात चपला घालायला लागले, तरी मी शिकतच होते.